कोरडा शर्ट

संशयाची सुरुवात शर्टापासून झाली.

भर उन्हात मोटरसायकल चालवून आलेल्या माणसाच्या पाठीवर मिठाचा नकाशा उमटतो. घाम उडून जातो, मीठ मागे राहतं, आणि शर्टावर पांढऱ्या, वेड्यावाकड्या किनारी दिसू लागतात. ताईला हे चांगलं माहीत होतं, कारण आप्पांच्या पाठीवरचे असे नकाशे तिने कित्येक उन्हाळे पाहिले होते. आप्पा म्हणजे लॅबचे जुने रायडर. गावाबाहेरच्या सेंटरवरून रक्ताचे नमुने घेऊन यायचे, थंड पेटी टेबलावर ठेवायचे आणि पाण्यासाठी पाठमोरे वळले की पाठीवर अख्खी किनारपट्टी.

दिव्याच्या शर्टावर मात्र काही नव्हतं. कॉलरला नाही, काखेत नाही, पाठीवर नाही. धुवायच्या बादलीतून तो शर्ट उचलून ताईने खिडकीपाशी धरला, उलटा करून पाहिला, वासही घेतला. मागे आई उभी आहे हे तिला उशिरा कळलं.

"डाग शोधतेस का गं?"

"नाहीये, तेच बघतेय," ताई म्हणाली. आईला त्यातून काही बोध झाला नाही ते बरंच झालं.

दिवा हा तिचा धाकटा भाऊ. हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी बाबांनी त्याला सांगून ठेवलं होतं, की रस्त्यावरचा दिवा लागला की खेळ सोडून घरी यायचं. एके संध्याकाळी वीज गेली. सगळी पोरं घरी गेली, अंधार झाला, घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि हा पठ्ठ्या मैदानाच्या कोपऱ्यावर खांबाकडे मान वर करून उभा. दिवा लागायची वाट बघत. तेव्हापासून तो दिवा. मिशी फुटली तरी दिवाच.

आप्पांच्या पाठीचं दुखणं वाढलं आणि त्यांनी गाडी सोडली, तेव्हा ती जागा दिव्याला मिळावी म्हणून ताईनेच शब्द टाकला होता. ती या लॅबमध्ये टेक्निशियन होती, आणि घरात ताई तशी इथेही सगळ्यांची ताईच होती. त्याआधी दिवा एका गोदामात कामाला होता. ती नोकरी अचानक गेली. का गेली म्हणून विचारलं की दिव्याच्या तोंडात मिठाची गुळणी. लॅबच्या डॉक्टर मॅडमनी चौकशी केली तेव्हा ताईने छातीठोकपणे सांगितलं होतं, की माझा भाऊ आहे, मी त्याला सगळं शिकवते.

पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग ऊन चढत गेलं आणि नमुने बिघडायला लागले.

रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाल पेशी खाली बसतात आणि वर सीरम राहतं, फिकट पिवळं, वाळलेल्या गवताच्या रंगाचं. दूरच्या सेंटरच्या नळ्यांमधलं सीरम आधी गुलाबीसर दिसू लागलं, मग चक्क लाल. याचा अर्थ पेशी वाटेतच फुटत होत्या, आणि त्यांच्या पोटातलं पोटॅशियम सीरममध्ये मिसळत होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा पोटॅशियमचा आकडा असाच हृदयाला धोका वाटावा इतका वर गेला. सीरमचा रंग बघायच्या आधीच कुणीतरी घाईघाईने घरी फोन केला, आणि त्या बिचाऱ्यांना रणरणत्या दुपारी दवाखान्यात पळवलं. तिथे कळलं की त्यांना काहीही झालेलं नाही.

मॅडम त्या दिवशी आवाज न चढवता बोलल्या, आणि ते जास्त वाईट होतं. सेंटरवर रक्त घेणाऱ्या काकूंचा हात कसलेला आहे, तिथल्या नळ्या त्याच, सुया त्याच. बदललं काय? फक्त रायडर. तो पोरगा वाटेत गाडी उन्हात लावून कुठेतरी आडवा होत असणार, आणि पेटी भट्टीसारखी तापत असणार. पुढच्या वेळेचे नमुने लाल निघाले तर दुसरा माणूस बघू.

ताईने भावाची बाजू घेतली नाही. कारण तिच्याही डोक्यात तोच किडा वळवळत होता.

पुरावे तसेच होते. आप्पांपेक्षा दिव्याला परत यायला जास्त वेळ लागायचा. गाडीची टाकी आप्पांच्या वेळेपेक्षा लवकर रिकामी व्हायची, म्हणजे गाडी कुठेतरी जास्तीची फिरत होती. जाताना कोरडे असलेले केस येताना ओले असायचे, नुकतीच आंघोळ केल्यासारखे. मानेभोवती एक फुलाफुलांचं पातळ कापड असायचं, ते घरातलं नव्हतं. आणि हा बिनमिठाचा शर्ट. ताईने मनातल्या मनात सगळं एका ओळीत मांडलं, आणि निष्कर्ष एकच निघत होता. कुठेतरी एक खोली होती, खोलीत पंखा होता, न्हाणीघर होतं, फुलाफुलांच्या कापडाची कुणी मालकीण होती, आणि खोलीबाहेर उन्हात नमुन्यांची पेटी.

विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं कदाचित. पण विचारायचं म्हणजे संशय बोलून दाखवायचा. त्यापेक्षा तिने थाप मारली. म्हणाली, मला आज सेंटरची तपासणी करायची आहे, तुझ्याच मागे बसून येते.

"या उन्हात?" दिव्याने विचारलं. "वेडी आहेस का?"

"तू रोज जातोस ना."

"माझी गोष्ट वेगळी आहे," तो म्हणाला. म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही. ताईने तेही मनातल्या ओळीत नेऊन ठेवलं.

गाडी भिंतीच्या सावलीत होती, तरी सीटवर बसल्याबरोबर ताई चटका बसून अर्धी उठली. दिव्याने आरशाला अडकवलेलं जाड फडकं न बोलता मागे दिलं. क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांवर त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवले होते. रस्त्याला लागल्यावर ताईला वाटलं, आता निदान वारा तरी लागेल. लागला, पण तो वारा नव्हताच. हवा अंगापेक्षा गरम असली की ती अंगावरून जाताना उष्णता नेत नाही, देते. हे तिने परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आता तेच उत्तर तिच्या चेहऱ्यावर, हेल्मेटच्या काचेखालून, फुंकर मारल्यासारखं येऊन आदळत होतं. ओठ वाळले. डोळ्यातलं पाणीसुद्धा आटल्यासारखं झालं. गाडीचं इंजिन खालून पोटऱ्या भाजत होतं. समोरच्या रस्त्यावर पाणी साचल्यासारखं चमकायचं, आणि जवळ गेलं की पुढे सरकायचं.

सिग्नलला एक गंमत होती. थांबायच्या रेषेपाशी एकही गाडी नव्हती. सगळे दुचाकीवाले खूप मागे, एका जाहिरातीच्या फलकाच्या सावलीत एकमेकांना खेटून उभे. सावली अरुंद, म्हणून रांगही अरुंद. हिरवा दिवा लागला तरी पहिल्या माणसाला सावली सोडवेना. मागच्याने भोंगा वाजवला तेव्हा कुठे तो हलला.

पण दिवा कुठे वळला नाही, कुठे रेंगाळला नाही. सरळ हमरस्त्याने सेंटरला पोचला. अर्थात, बहीण मागे बसलेली असताना कोण वळेल, ताईने स्वतःशी म्हटलं. सेंटरसमोर डांबर मऊ झालं होतं. दिव्याने डिकीतून डब्याचं एक चपटं झाकण काढलं, स्टँडखाली ठेवलं, मगच गाडी टेकवली. तो उतरला तेव्हा ताईने पाहिलं, त्याची पाठ घामाने निथळत होती, आणि भिजल्या भागाच्या कडेला मीठ दिसू लागलं होतं. म्हणजे याला घाम येत होता. व्यवस्थित येत होता. मग परत येईपर्यंत शर्टावरचं मीठ जायचं कुठे?

सेंटर म्हणजे एक दुकानवजा खोली, एक खुर्ची, एक पडदा, एक फ्रीझर आणि सुईकाकू. काकूंना खरं नाव असणारच, पण शिरेत सुई गेलेली कळत नाही असा हात असल्याने त्या सुईकाकू झाल्या होत्या. त्यांनी ताईला आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि दिव्याचं कौतुक सुरू केलं. पोरगा गुणी आहे. सांगितलेला शब्द मोडत नाही. उन्हातून येतो बिचारा, म्हणून मीच माझं एक जुनं कापड दिलं गळ्याला बांधायला.

"फुलाफुलांचं?" ताईने विचारलं.

"तेच. का गं?"

"सहज," ताई म्हणाली. मनातल्या ओळीतला एक पुरावा गळून पडला, आणि तिला सुटल्यासारखं वाटण्याऐवजी उलट चुकचुकल्यासारखं झालं. ती पाणी संपवून बाहेर आली तेव्हा पेटी भरून, बंद होऊन, गाडीच्या मागच्या कॅरिअरवर बांधलेलीसुद्धा होती.

"इतक्यात झालं?"

"आता पटकन होतं," दिवा म्हणाला. "सुरुवातीला फार वेळ लागायचा."

तिने त्याकडे लक्ष दिलं नाही. तिचं सगळं लक्ष परतीच्या रस्त्यावर होतं.

आणि परतीच्या रस्त्यावर तो वळला. हमरस्ता समोर सरळ दिसत असताना त्याने गाडी डावीकडे घेतली, कारखान्यांच्या मागच्या अंगाला. उंच भिंतींमधली बोळ, मग झाडांची एक रांग, पुन्हा भिंत. ताईने खांद्यावर थापट मारून विचारलं, इकडे कुठे? हेल्मेटमुळे त्याला ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं.  इतके दिवस ज्या खोलीची ती कल्पना करत होती ती आता दिसणार होती, आणि ती दिसू नये असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

गाडी एका बंद फाटकापाशी थांबली. भिंतीला नळ होता. खुर्चीवर बसलेल्या पहारेकऱ्याने डोळे किलकिले करून ओळखीचा हात वर केला. दिव्याने गाडी अशी उभी केली की पेटी बरोबर भिंतीच्या सावलीत राहील. मग हेल्मेट काढलं, गळ्यातलं कापड काढलं, आणि सरळ नळाखाली वाकला. डोकं, मान, पाठ, शर्टासकट. कापड पिळून पुन्हा गळ्यात. सगळा कारभार एका माणसाला तोंड धुवायला लागतो तेवढ्यात आटोपला.

पाठीवरचं मीठ ताईच्या डोळ्यांदेखत धुऊन, भिंतीकडेच्या गटारात वाहून गेलं. उरलेल्या रस्त्यावर तो शर्ट वाळणार, पाणी उडून जाताना अंग गार ठेवणार, आणि लॅबमध्ये पोचताना कोरडा खडखडीत असणार. हेही तिने परीक्षेत लिहिलं होतं.

"तू पण घे ना," दिवा म्हणाला. "नाहीतर पुढे चक्कर येईल."

"हा रस्ता लांबचा आहे."

"आहे ना. पण सगळा सावलीचा आहे. पेटीला ऊन लागू द्यायचं नाही, असं तूच म्हणाली होतीस पहिल्या दिवशी."

म्हणाली होती खरं. जाता जाता, दारातून.

ताई फाटकाच्या पायरीवर बसली. मालकीण गेली, खोली गेली, न्हाणीघर गेलं. उरला एक नळ. तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही, कारण लाल सीरम जागच्या जागी होतं. हा मुलगा कुठे झोपत नव्हता, पेटी उन्हात ठेवत नव्हता, जीव तोडून सावलीतून आणत होता. आणि तरीही पेशी फुटत होत्या. तासाभराने आजच्या नळ्या फिरतील, लाल निघतील, आणि त्याला काढून टाकतील. संशय खोटा ठरला होता आणि शिक्षा मात्र खरी होणार होती.

मग तिने, वाटेत पेटी उघडायची नाही हा नियम मोडून, पेटी सोडली आणि झाकण उघडलं.

आत गरम नव्हतं. हाताला गारेगार वाफ लागली. चपटे निळे आइसपॅक चारी बाजूंनी, आणि वरून आणखी दोन; ऊन वाढलं म्हणून दिव्याने आपणहून घातलेले. ती कडेची एक नळी उचलायला गेली तर नळी येईना. आइसपॅकला चिकटली होती. जरा जोर लावल्यावर बारीकसा आवाज करून ती सुटली. काचेवर धुकं धरावं तसं नळीवर दव गोठलं होतं, आणि आतलं रक्त तिरकं केल्यावरही हललं नाही.

नुसतं साकळलं नव्हतं, बर्फासारखं गोठलं होतं.

बाहेर डांबर वितळत होतं, आणि नमुने थंडीने मरत होते. रक्त गोठलं की पेशीतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. लॅबला पोचेपर्यंत ते पुन्हा वितळतं आणि मागे काही खूण राहत नाही, रंगाशिवाय. इतके दिवस सगळ्यांनी एकाच दिशेला बोट दाखवलं होतं, सूर्याकडे. तिनेही.

"आइसपॅक फ्रीझरमधून काढल्यावर किती वेळ बाहेर ठेवतोस?" तिने विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"घाम येईपर्यंत."

उत्तर अगदी बरोबर होतं. लॅबमध्ये सगळे तसंच म्हणायचे. आइसपॅक फ्रीझरमधून काढून बाहेर ठेवायचे, त्यांच्या अंगावर पाण्याचे थेंब जमले, आतला बर्फ खुळखुळला, की मग भरायचे. त्याआधी ते नळ्यांना शिवू द्यायचे नाहीत. ताई क्षणभर गोंधळली.

"आज आला होता घाम?"

"म्हणजे काय," दिवा म्हणाला, आणि त्याने कपाळावरून तळहात फिरवून तिला दाखवला. "गाडीवरून उतरतानाच आलेला होता."

ताई त्या तळहाताकडे बघत राहिली.

दिव्याने समजावून सांगितलं. आप्पांनी काम सोपवताना एकच गोष्ट बजावली होती, घाम आल्याशिवाय पेटी भरायची नाही. दिव्याने त्यावर विचार केला होता. माणूस म्हणजे एक प्रकारचा थर्मामीटरच. हवा बेताची असेल तर घाई नको. घाम फुटण्याइतकी तापली असेल तर लगेच पेटी भरून बंद करायची. त्याला ते पटलं होतं. सुरुवातीला हवा बरी होती तेव्हा आइसपॅक बाहेर मांडून तो बसून राहायचा आणि घामच यायचा नाही.

"मग?"

"मग काय, समोरच्या जिन्यावरून वरखाली करायचो. काकू विचारायच्या, काय रे, व्यायाम काढलास की काय."

तेवढ्या वेळात आइसपॅकलाही घाम यायचा, आणि नमुने चांगले निघायचे. मग उन्हाळा तापला, दिवा सेंटरवर निथळतच पोचू लागला, आणि फ्रीझरमधून निघालेला बर्फ थेट नळ्यांना भिडू लागला. ऊन जितकं वाढलं तितका पेटीतला गारठा वाढला. रस्त्यावरचा दिवा लागायची वाट बघणारं ते पोर अजून खांबाखालीच उभं होतं.

"बर्फाचा घाम रे," ताई म्हणाली. "आइसपॅकच्या अंगावरचा. तुझ्या नाही."

दिव्याने पेटीत वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बर्फाला कसला घाम?"

पहारेकऱ्याला हे सगळं ऐकू जात होतं. तो खुर्चीतच हसला आणि मग खोकल्याचं सोंग केलं.

ताईने मॅडमना फोन लावला. काय झालं ते आधी सांगितलं, मग नमुने वाया गेल्याचं.  मग मॅडमनी एकच विचारलं, की पेटी भरायला त्याला कुणी शिकवलं. ताईने सांगितलं, की शिकवायचं काम माझं होतं. मी शिकवलं नाही, दारातून एक वाक्य फेकलं. मॅडम म्हणाल्या, परत जा, लोकांना बोलावून पुन्हा रक्त घ्या, माफी तू स्वतः माग. पुढचं नळ्या फिरवल्यावर ठरवू.

सुईकाकूंनी कपाळाला हात लावला, पण फोन लावायला बसल्या. लोक चरफडत का होईना आले. ताई प्रत्येकाची माफी मागत होती आणि दिवा प्रत्येकाला पाणी देत होता. मधे कुणी नव्हतं तेव्हा दोघं आइसपॅक मांडून त्यांच्यासमोर बसले. निळ्या प्लॅस्टिकवर आधी पांढरा बर्फाचा भुरा होता.

"तू सेंटर तपासायला आली नव्हतीस," दिवा आइसपॅकवरची नजर न काढता म्हणाला.

"नाही."

"मग?"

"तुला तपासायला."

त्याने मान हलवली. "गोदामातही असंच झालं. सांगितलं होतं, गाडी आल्याशिवाय दार उघडायचं नाही. मालक चालत आला."

ताईला आता मात्र हसू आवरेना. त्यालाही आवरलं नाही, पण त्याचं लवकर थांबलं. "विचारायचंस ना, ताई," तो म्हणाला. "मी सांगितलं असतं."

 भुरा ओलसर झाला, मग दिसेनासा झाला, मग एक थेंब जमला आणि घरंगळला. ताई म्हणाली, बस, आला. दिव्याने तिच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. त्याने एकेक आइसपॅक उचलून कानाशी हलवला, आतली खुळखुळ ऐकली, मगच पेटीत ठेवला. जास्तीचे दोन त्याने फ्रीझरमध्ये परत टाकले.

सावलीच्या रस्त्याने, नळापाशी दोघांनी डोकी भिजवून, ते लॅबला पोचले. मॅडम सेंट्रिफ्यूजपाशीच उभ्या होत्या. यंत्र घरघरत थांबलं. त्यांनी एक नळी काढून खिडकीच्या उजेडात धरली, मग दुसरी, मग तिसरी. तिन्ही वाळलेल्या गवताच्या रंगाच्या.

त्यांनी नळ्या परत जागेवर ठेवल्या, दिव्याच्या ओल्या केसांकडे आणि कोरड्या शर्टाकडे एकदा बारकाईने पाहिलं, आणि म्हणाल्या, "उद्या लवकर ये."

दिवा दारापर्यंत गेला आणि थांबला. "लवकर म्हणजे किती वाजता?"

मॅडमना तो उद्धटपणा वाटला असावा. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि त्यांनी ताईकडे पाहिलं.

"सांगा, मॅडम," ताई म्हणाली. "त्याला नेमकं सांगावं लागतं."

मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि नेमकी वेळ सांगितली.